मधल्या फळीतला माणूस

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या तालुक्याचं नाव केळापूर. पण तहसील कचेरी पांढरकवड्याला, पंचायत समिती पांढरकवड्याला, कोर्ट पांढरकवड्याला आणि कापसाचा बाजारही पांढरकवड्यालाच. सरकारी कागदावर 'तालुका केळापूर' एवढंच वाचून आलेला परगावचा माणूस कधीकधी महामार्गावर केळापूरलाच उतरतो. जगदंबेच्या देवळापाशी चौकशी करतो, तेव्हा त्याला कळतं की आपलं काम शेजारच्या गावात आहे. आम्हाला या गोष्टीची इतकी सवय झाली आहे, की त्यात काही गंमत आहे हेच आम्ही विसरलो आहोत. नाव एका गावाचं, राबणूक दुसऱ्या गावाची.

खेळाच्या मैदानावरही असंच होतं आणि तिथंही आपल्याला त्याची सवय होऊन जाते. आज मी आपल्याला अशा एका खेळाडूची गोष्ट सांगणार आहे, ज्यांनी देशाला सुवर्णपदक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला, पण ज्यांचं नाव आज शंभरातल्या एकालाही ठाऊक नसेल. त्यांचं नाव फोर्तुनातो फ्रँको. गोव्यात जन्मलेले, मुंबईत खेळाडू म्हणून नावारूपाला आलेले, भारतीय फुटबॉल संघाच्या मधल्या फळीत खेळणारे फ्रँको. मात्र त्यांच्याकडे वळण्याआधी माझीच एक चूक कबूल करतो, म्हणजे ही गोष्ट मला का सांगावीशी वाटली ते आपल्या लक्षात येईल.

मी या भागातल्या एका शाळेत बरीच वर्षं व्यायामशिक्षक होतो. आमच्याकडे खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉल. फुटबॉल हा नागपूर-कामठीकडचा खेळ, असं आम्ही मानत असू. तरीही एका वर्षी मुलांनी हट्ट धरला, मी संघ उभा केला आणि तो आंतरशालेय स्पर्धेत चक्क जिंकला. अंतिम सामन्यातले आमचे तिन्ही गोल एकाच मुलाने केले. स्नेहसंमेलनात त्याला पेला दिला, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. कार्यक्रम आटोपल्यावर आमच्या शाळेचे शिपाईकाका माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "सर, तिन्ही वेळा बॉल ज्यानं आणून देला, त्या पोराचं तं नावबी नाई घेतलं तुम्ही." मी गप्प बसलो. मैदानाच्या कडेला उभं राहून ज्यांनी सामना पाहिला, त्यांना जे दिसलं ते मला, शिक्षक असून, दिसलं नव्हतं. चेंडू जाळ्यात गेला तेवढंच मी पाहिलं होतं.

ही खंत मनात असतानाच मी जुन्या फुटबॉलविषयी वाचू लागलो. वाट मात्र सापडली ती आमच्याच रस्त्यावर.

पांढरकवड्याजवळून जाणारा महामार्ग उत्तरेला नागपूरकडे आणि दक्षिणेला हैदराबादकडे जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ७ होता, आता ४४ आहे. याच रस्त्याने दक्षिणेला गेलं की पैनगंगा लागते, आणि ती ओलांडली की पूर्वीचं निजामाचं राज्य. त्या राज्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शिक्षक होते. पुढे सगळा देश त्यांना 'रहीमसाहेब' म्हणून ओळखू लागला. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने इराणला १-० असं हरवून सुवर्णपदक मिळवलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्या स्पर्धेत मुंबईच्या नेव्हिल डिसूझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू.

एका शाळामास्तरने हे सगळं केलं, हे वाचून मला साहजिकच कुतूहल वाटलं. मी रहीमसाहेबांच्या शेवटच्या आणि सर्वांत मोठ्या यशापर्यंत पोहोचलो. ते यश म्हणजे १९६२ चं जकार्ता. विजयी संघातली नावं एकेक करून वाचत गेलो. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, तुलसीदास बलराम, जर्नेल सिंग, पीटर थंगराज ही नावं कधी ना कधी कानांवरून गेलेली होती. मधल्या फळीतली दोन नावं मात्र माझ्या ओळखीची नव्हती. एक प्रशांत सिन्हा आणि दुसरे फ्रँको. मला शिपाईकाकांचं वाक्य आठवलं.

मधल्या फळीचं काम काय, हे फुटबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. एका संघात अकरा खेळाडू. गोलरक्षक सोडला तर उरले दहा. रहीमसाहेबांच्या संघाची मांडणी चार-दोन-चार अशी होती. ब्राझीलने १९५८ च्या विश्वचषकात सगळ्या जगाला दाखवली तीच ही मांडणी. मागे बचावाला चार, पुढे चढाईला चार आणि मध्ये फक्त दोन. फुटबॉलचं मैदान साधारण शंभर मीटर लांब आणि पासष्ट-सत्तर मीटर रुंद असतं. त्यातला मधला सगळा पट्टा या दोघांनी सांभाळायचा. प्रतिस्पर्ध्याचा हल्ला आला की मागे धावून बचावाला हात द्यायचा. चेंडू हिसकावला की मान वर करून बघायचं, आपला कोणता गडी मोकळा आहे, आणि चेंडू नेमका त्याच्या पायाशी पोहोचवायचा. तो पोहोचेपर्यंत आपण पुन्हा पुढे धावायचं, कारण तिकडून चेंडू परत आला तर घ्यायला कुणीतरी हवं. त्या काळी या खेळाडूंना 'हाफ' म्हणत. नाव अर्धं असलं तरी काम दीडपट होतं.

या कामाची मोठी अडचण अशी, की ते नीट झालं तर दिसत नाही. प्रतिस्पर्ध्याची चढाई मध्येच अडली, तर ती धोकादायक होती हेच प्रेक्षकाला कळत नाही. चूक झाली तर मात्र सगळ्यांना दिसते.

डिसेंबर २०२२ मध्ये कतारच्या विश्वचषकात मोरोक्कोने उपांत्य फेरी गाठली. तिथपर्यंत पोहोचलेला तो आफ्रिका खंडातला पहिला देश. आमच्या गल्लीतली पोरं मोबाइलवर ते सामने पाहत होती. त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, "सर, हा सोफियान अमराबात गोल तं एकबी मारत नाई, मंग सारे त्याचीच तारीफ काहून करतात?" मला फार आनंद झाला. पोराने प्रश्न बरोबर विचारला होता. अमराबात हा मोरोक्कोच्या मधल्या फळीतला खेळाडू. त्या स्पर्धेत त्याच्या नावावर एकही गोल नाही. पण स्पेन आणि पोर्तुगालसारखे संघ मोरोक्कोच्या भिंतीवर आदळून परत गेले, त्या भिंतीचा पाया तोच होता. आज पंधरा-वीस कॅमेरे असतात, कोण किती किलोमीटर धावला, कुणी किती पास दिले याची मोजदाद होते. म्हणून अमराबातचं काम गल्लीतल्या पोरापर्यंत पोहोचलं. १९६२ साली मुंबईत दूरचित्रवाणीसुद्धा नव्हती. ती आली १९७२ साली. फ्रँको यांचं काम ज्यांनी मैदानात बसून पाहिलं त्यांनाच ठाऊक. बाकीच्यांना रेडिओवरच्या बातम्या आणि वर्तमानपत्रात गोल करणाऱ्यांची नावं, एवढंच.

आता फ्रँको यांची वाटचाल पाहू.

त्यांचा जन्म १९३७ सालचा. तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. गोव्यात फुटबॉल रुजायला सुरुवात झाली ती १८८३ साली. फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूंनी शिवोली गावात हा खेळ आणला, असं मानलं जातं. पुढे प्रत्येक गावाला चर्च तसं फुटबॉलचं मैदान, अशी तिथली रीत झाली. भात कापून झालं की रिकाम्या शेतातही पोरं खेळायची. पण पोर्तुगीज गोव्यात पोटापाण्याची साधनं थोडी होती. त्यामुळे हजारो गोवेकर मुंबईला येत. कुणी बोटीवर, कुणी बँडमध्ये, कुणी कचेरीत. धोबीतलावच्या बाजूला त्यांच्या गावागावांच्या 'कुडी' होत्या. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली राहण्याची जागा. हे लोक येताना देव, गाणं आणि फुटबॉल तिन्ही सोबत घेऊन आले. मुंबईच्या फुटबॉलमध्ये डिसूझा, फर्नांडिस, फ्रँको ही नावं एवढी का दिसतात, त्याचं कारण हे आहे.

मुंबईत तेव्हा फुटबॉलचं केंद्र म्हणजे कूपरेज मैदान. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स करंडक तिथे रंगायचा, देशभरातले संघ यायचे. मुंबईचे संघ बहुतेक कंपन्यांचे असत. टाटा, मफतलाल अशी मोठी नावं. खेळाडूला नोकरी कंपनीत मिळायची. पगार मिळायचा तो नोकरीचा. खेळाचे वेगळे पैसे नव्हते. ऑलिंपिकमध्येही तेव्हा हौशी खेळाडूच चालत. सकाळी सराव, दुपारी कचेरी आणि संध्याकाळी सामना. फ्रँको टाटांच्या संघातून खेळत. गावातला एखादा शिक्षक शाळा सुटल्यावर शेतात जाऊन डवरणी करतो, तसंच काहीसं ते आयुष्य होतं. फरक एवढाच, की या कारकुनांच्या आणि कामगारांच्या अंगावर अधूनमधून देशाचा गणवेश चढायचा.

१९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी भारताच्या संघात फ्रँको यांची निवड झाली. रोममध्ये भारताने फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली आणि हंगेरीसारख्या बलाढ्य संघाकडून १-२ असा निसटता पराभव पत्करला. फ्रँको यांना मात्र प्रत्यक्ष मैदानात उतरायची संधी मिळाली नाही. त्यांनी ते सामने बाहेर बसून पाहिले.

इथे एक गोष्ट मला थांबायला लावते. १९६० साली फ्रँको भारताच्या ऑलिंपिक संघात होते, तेव्हा त्यांची जन्मभूमी भारतात नव्हती. गोव्यावर अजून पोर्तुगालचा झेंडा होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत जकार्ताची स्पर्धा झाली. म्हणजे फ्रँको जकार्ताला उतरले तेव्हा पहिल्यांदाच, ज्या देशासाठी ते खेळत होते त्याच देशात त्यांचं गाव होतं. मोरोक्कोच्या २०२२ च्या संघातही सव्वीसपैकी चौदा खेळाडू परदेशात जन्मलेले होते. अमराबातचा जन्म नेदरलँड्समधला. माणूस कुठे जन्मतो हे त्याच्या हाती नसतं. तो कुणासाठी धावतो हे तो ठरवतो. फ्रँको यांनी ते गोवा मुक्त होण्याच्या आधीच ठरवलं होतं.

आता जकार्ता. १९६२ च्या ऑगस्टअखेरीस तिथे चौथी आशियाई स्पर्धा भरली. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना व्हिसा दिला नाही. त्यावर भारताचे ज्येष्ठ क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी उघड आक्षेप घेतला. असं असेल तर या स्पर्धेला आशियाई स्पर्धा म्हणता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. तत्त्वाला धरून ती बरोबरच होती. पण तिचा भडका जकार्तात उडाला. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. भारतीय खेळाडू जिथे दिसतील तिथे त्यांची हुर्यो होऊ लागली. राग होता एका पदाधिकाऱ्यावर, सोसावा लागला खेळाडूंना.

मैदानातही सुरुवात वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असं हरवलं. मग भारताने थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असं हरवलं. थायलंडविरुद्ध बचावातला पहाडासारखा गडी जर्नेल सिंग याचं डोकं फुटलं, टाके पडले. त्या काळी हाताशी पर्याय थोडे होते. दहाएक दिवसांत पाच सामने खेळायचे होते. उपांत्य सामना दक्षिण व्हिएतनामशी होता. रहीमसाहेबांनी असा निर्णय घेतला, की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं. डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलला त्यांनी बचावातून काढून थेट आघाडीला मध्यभागी उभं केलं. जर्नेलने गोल केला, चुनी गोस्वामींनी दोन केले आणि भारत ३-२ असा जिंकला.

ही गोष्ट जिथे जिथे सांगितली जाते, तिथे जर्नेलच्या धैर्याचं आणि रहीमसाहेबांच्या डावपेचाचं कौतुक होतं. ते व्हायलाच हवं. पण जरा व्यायामशिक्षकाच्या नजरेने बघा. संघातला सर्वांत भक्कम बचावपटू पुढे गेला, तर मागे त्याची जागा मोकळी पडते. अरुण घोष, चंद्रशेखर, त्रिलोक सिंग यांनी ती भरून काढली हे खरंच. पण त्यांच्यापर्यंत हल्ला पोहोचूच नये, निदान मोडका-तोडका होऊन पोहोचावा, हे काम कुणाचं? मधल्या दोघांचं. जर्नेलला पुढे पाठवण्याचा जुगार रहीमसाहेब खेळू शकले, याचं एक कारण म्हणजे त्यांचा सिन्हा आणि फ्रँको यांच्यावर भरवसा होता. भिंतीची एक मोठी वीट काढायची असेल, तर बाकीच्या विटा जागेवर राहतील याची खात्री गवंड्याला लागते.

४ सप्टेंबर १९६२. अंतिम सामना. समोर पुन्हा दक्षिण कोरिया, ज्यांनी आपल्याला आधीच एकदा हरवलं होतं. सेनायनच्या भव्य स्टेडियममध्ये लाखभर प्रेक्षक आणि जवळपास सगळे भारताच्या विरोधात. राष्ट्रगीत सुरू झालं तरी ओरडा थांबेना. त्या गर्दीत भारताच्या बाजूने ओरडायला कोण होतं, तर पाकिस्तानचा हॉकी संघ. पुढे कित्येक खेळाडूंनी ही आठवण आवर्जून सांगितली आहे. गोलरक्षक थंगराज नुकतेच तापातून उठलेले, जर्नेलच्या डोक्याला टाके आणि रहीमसाहेबांना कर्करोगाने पोखरलेलं.

सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला. विसाव्या मिनिटाला जर्नेलने दुसरा. वीस मिनिटांत भारत दोन गोलांनी पुढे. सामन्याचा इतिहास लिहिताना इथून एकदम पंचाऐंशीव्या मिनिटावर उडी मारली जाते, कारण कोरियाने एक गोल केला तो तेव्हा. सामना २-१ असा संपला आणि भारताला सुवर्णपदक मिळालं.

पण मला त्या मधल्या पासष्ट मिनिटांविषयी बोलायचं आहे. विसाव्या मिनिटापासून पंचाऐंशीव्या मिनिटापर्यंत इतिहासात काहीच घडलेलं नाही. एकही गोल नाही, म्हणून एकही ओळ नाही. पण ज्या संघाने दहा दिवसांपूर्वी आपल्यावर दोन गोल चढवले होते, तो संघ दोन गोलांनी मागे पडल्यावर स्वस्थ बसला असेल का? लाख लोक त्याच्या बाजूने ओरडत असताना? ती पासष्ट मिनिटं कुणीतरी धावून, अडवून, चेंडू हिसकावून, पडून आणि पुन्हा उठून रिकामी ठेवली. इतिहासातली ती कोरी जागा हीच बचावफळीची आणि मधल्या फळीची कमाई आहे. फ्रँको यांचं सगळ्यात मोठं काम कुठे नोंदलं गेलं असेल, तर ते त्या न लिहिलेल्या ओळींमध्ये.

फुटबॉलमधलं आशियाई सुवर्ण भारताला त्यानंतर आजतागायत मिळालेलं नाही. १९७० साली बँकॉकला कांस्य मिळालं, ते शेवटचं पदक.

इतकं मोठं यश, मग ते लोकांच्या मनात ठसलं का नाही? त्याला काळही कारण झाला. सप्टेंबरमध्ये पदक मिळालं आणि २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. सगळा देश त्या आघाताखाली दबला. बायाबापड्या अंगावरचे दागिने संरक्षण निधीला देत होत्या, तिथे फुटबॉलची आठवण कोण काढणार? पुढच्याच वर्षी ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब गेले. १९६४ च्या मे महिन्यात इस्रायलमध्ये आशिया चषक स्पर्धा झाली. चारच संघ होते. भारताने दक्षिण कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ असं हरवलं, इस्रायलकडून हार पत्करली आणि उपविजेतेपद मिळवलं. या स्पर्धेतली भारताची ती आजवरची सर्वोत्तम कामगिरी. फ्रँको त्याही संघात होते. पण स्पर्धा चालू असतानाच २७ मे रोजी पंडित नेहरूंचं निधन झालं. वर्तमानपत्रांची पानं कशाने भरली असतील ते सांगायला नको.

त्याआधी १९६३-६४ च्या हंगामात महाराष्ट्राने राष्ट्रीय अजिंक्यपदाचा संतोष करंडक जिंकला होता. त्या संघातही फ्रँको होते. मलेशियातल्या मर्डेका स्पर्धेतही ते भारताकडून खेळले. १९६० च्या दशकाच्या मध्याला त्यांची कारकीर्द आटोपली. म्हणजे आंतरराष्ट्रीय खेळाची उणीपुरी पाच-सहा वर्षं. त्यात एक ऑलिंपिक, एक आशियाई सुवर्ण आणि एक आशियाई उपविजेतेपद. महाराष्ट्राच्या मैदानांवर घडलेल्या किती फुटबॉलपटूंच्या नावावर एवढं आहे?

आता एक हिशेब मांडतो. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाले. फुटबॉलसाठीचा पहिला पी. के. बॅनर्जींना मिळाला. १९६२ चा बलराम यांना, १९६३ चा चुनी गोस्वामींना, १९६४ चा जर्नेल सिंग यांना, १९६५ चा अरुण घोष यांना, १९६६ चा युसूफ खान यांना आणि १९६७ चा थंगराज यांना. जकार्ताच्या अंतिम सामन्यात उतरलेल्या अकरांपैकी हे सात. यात आघाडीचे आहेत, बचावातले आहेत, गोलरक्षक आहे. मधल्या फळीतले दोघेही नाहीत. यातला एकही पुरस्कार अस्थानी होता असं मी म्हणणार नाही. सातही जण थोरच होते. चंद्रशेखर आणि त्रिलोक सिंग हे बचावपटूही राहूनच गेले. कुणी मुद्दाम डावललं असंही मला वाटत नाही. मला एवढंच वाटतं, की पुरस्कार देणाऱ्यांचं आणि माझं बहुधा सारखंच झालं. स्नेहसंमेलनात मी जे केलं, तेच तिथे मोठ्या प्रमाणावर घडलं.

फ्रँको पुढे निवृत्त आयुष्य जगले. १० मे २०२१ रोजी गोव्यात वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस आठवा. रोज इतकी माणसं जात होती, की ओळखीच्यांचीही दखल घेणं जमत नव्हतं. म्हणजे या माणसाच्या बाबतीत असं झालं, की सुवर्ण मिळालं तेव्हा युद्ध आलं, उपविजेतेपद मिळालं तेव्हा राष्ट्रीय शोक आला आणि स्वतः गेले तेव्हा महामारी होती. आदल्याच वर्षी, २०२० च्या मार्चमध्ये पी. के. बॅनर्जी आणि एप्रिलमध्ये चुनी गोस्वामी गेले होते. २०२३ च्या फेब्रुवारीत बलरामही गेले. २०२४ साली रहीमसाहेबांच्या जीवनावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला आणि नव्या पिढीला जकार्ताची गोष्ट पहिल्यांदा कळली. ती पाहायला खेळाडूंपैकी फारच थोडे उरले होते.

मुंबईतलं ते कंपन्यांचं फुटबॉलही आता राहिलेलं नाही. रोव्हर्स करंडक एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच थांबला. महिंद्र युनायटेडसारखा नावाजलेला संघ २०१० साली बंद झाला. आता व्यावसायिक संघ आहेत, करोडोंचे करार आहेत. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. खेळाडूला खेळाचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण नोकरी सांभाळून देशासाठी धावलेल्या त्या पिढीची नोंद आपण नीट ठेवली नाही, हे खरं आहे.

नोंद कशाची ठेवायची, हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण पोरं त्यावरूनच शिकतात. फक्त गोल मोजले, तर प्रत्येक पोराला गोलच मारायचा असतो. मग चेंडू कुणी कुणाला देत नाही आणि सामना हातचा जातो. हे मी मैदानावर शंभर वेळा पाहिलं आहे. म्हणून फ्रँको यांच्याविषयी वाचल्यानंतर मी शाळेत एक वही सुरू केली. सामना चालू असताना एक मुलगा कडेला बसायचा आणि प्रत्येक गोलापुढे दोन नावं लिहायचा. गोल कुणी मारला, आणि त्याआधी चेंडू कुणी दिला. तिसरा रकाना नंतर मुलांनीच पाडला. चेंडू हिसकावला कुणी? वर्षाअखेर त्या वहीवरून बक्षीस ठरायचं. मी निवृत्त होईपर्यंत ती वही चालू होती.

त्या पहिल्या संघातला तो मुलगा, ज्याचं नाव मी घेतलं नव्हतं, दोन वर्षांपूर्वी मला पांढरकवड्याच्या बाजारात भेटला. कापसाची गाडी घेऊन आला होता. अंगाने भरला होता, केस पांढरे व्हायला लागले होते. चहा घेता घेता मी त्याला म्हटलं, की बाबा, तुझं नाव त्या दिवशी स्टेजवरून घ्यायला हवं होतं, माझ्याकडून राहून गेलं. तो हसला. म्हणाला, "जाऊ द्या ना सर. मले तं आता यादबी नाई." आम्ही उठलो. गाडीत चढता चढता तो मागे वळला आणि म्हणाला, "तीन-एक झाली होती ना सर ते म्याच?"